राजा एक घर उजवीकडे

ओझुर्गेती, ११ सप्टेंबर २०२३

भाऊजींना नमस्कार.

पत्र मिनीबसवाल्याच्या हातून पाठवतोय, सोबत हेझलनटची पिशवी आहे. पिशवी ताईची, पत्र तुमचं. अदलाबदल करू नका. फोन मुद्दाम केला नाही. फोनवर तुम्ही ऐकत नाही, श्वास घेण्यापुरते थांबता.

गेल्या महिन्यात आमच्याच अंगणात, आमचीच वाइन पिऊन, सातवा प्याला उचलत तुम्ही काय म्हणालात ते आठवतंय का? मला पाठ आहे. "हा माझा मेहुणा एल्गुजा. दाताचा डॉक्टर. तीस वर्षं दुसऱ्यांच्या तोंडात डोकावतोय आणि बुद्धिबळातही तेच करतो. आमच्यासारख्यांनी रचना करायच्या, यानं त्या सोडवायच्या. स्वतःची अशी एक तरी?" सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं माझा पेशंट वालिको हसला, तेसुद्धा मी बसवलेल्या दातांनी.

तर कळवायचं असं की मी रचना करायला शिकतोय. पटावर मोजके मोहरे, पांढऱ्याची चाल आणि जिंकायचा एकच मार्ग. माझं वय एकसष्ट. छापलेल्या एका तरी पटाखाली माझं नाव यावं, एवढीच इच्छा आहे.

गुरूंची वाण नाही, सगळे फुकट आहेत. इंटरनेटवर जगभरच्या रचनांचा संग्रह आहे, तुमच्या त्र्याऐंशीच्या त्र्याऐंशी त्यात आहेत. शिकवणारे व्हिडिओ आहेत, रचनाकारांचा कट्टा आहे. आणि एक कोष्टक आहे: पटावर सात किंवा कमी मोहरे असले की कोण जिंकणार ते देवासारखं सांगतं, आणि देवासारखं कारण मात्र सांगत नाही.

तुमच्या पंचाहत्तरीनिमित्त जी रचना-स्पर्धा आहे, जिचे परीक्षक तुम्ही स्वतः आहात, तिच्याशी माझा काहीही संबंध नाही. उगाच संशय नको.

तुमचा,
एल्गुजा


तिबिलिसी, २६ सप्टेंबर

प्रिय मेहुण्या,

हेझलनट मिळाले. चार किडके होते, पत्रात जास्त होते.

कोष्टकाकडून रचना शिकणं म्हणजे वजनकाट्याकडून स्वयंपाक शिकणं. मीठ किती पडलं ते काटा सांगेल, भाजी कशाची करायची ते कोण सांगणार? मी वीस वर्षांचा असताना आमच्याकडे काय होतं? लाकडी पट, पेन्सिल आणि भूक. एकेक रचना सहा-सहा महिने उलटीपालटी करून बघायचो, आणि छापून आली की कुठल्यातरी खेड्यातला वाचक पोस्टकार्डावर दुसरा मार्ग लिहून पाठवायचा. दुसरा मार्ग निघाला की रचना मेली. मग तेरावं घालून नवी सुरू करायची.

स्पर्धेशी संबंध नाही हे बरं केलंस. माझ्याकडे रचना येतात त्या नुसत्या नंबरानं. नावं असतात स्पर्धेचं कामकाज बघणाऱ्या रुस्तावीच्या म्झेविनारबाईंकडे, आणि त्या बाईच्या तोंडून नाव काढणं तुला तुझी सगळी हत्यारं घेऊनही जमणार नाही. म्हणजे परीक्षकाला कुणी फसवू शकत नाही आणि परीक्षकही कुणाला फसवू शकत नाही.

झाउर

ता. क. एल्गुजा, मी नाझिब्रोला. हे त्या सातव्या प्याल्याबद्दल मनातून खजील आहेत, पण तसं म्हणाले तर छप्पर कोसळेल म्हणून म्हणत नाहीत. तू शीक रे. आणि किडका एकच होता. — ताई


ओझुर्गेती, २२ ऑक्टोबर

भाऊजी,

माझी पहिली रचना जन्मली आणि वारली. चौदा मोहरे, तीन आठवडे मेहनत. कॉम्प्युटरला दाखवली, त्यानं चार सेकंदांत पाच मार्ग काढले. पाच! एवढे रस्ते आमच्या ओझुर्गेतीतून बाहेर जात नाहीत. ती कट्ट्यावर टाकली तेव्हा फिनलंडच्या एका अग्निशामकानं लिहिलं, "भाऊ, आधी शेवट शोधा. शेवटचं सुंदर चित्र पटावर मांडा आणि तिथून एकेक चाल मागे जा." साठ वर्षं मी पुढे खेळत आलो, आता उलटं चालायला शिकतोय.

आणि रोज तुमच्या दोन रचना सोडवतो. उत्तर झाकून. दवाखान्यातच पट मांडून ठेवलाय, भूल चढेपर्यंत एक चाल बघून होते. काल वालिको आ वासून अर्धा तास बसला होता, शेवटी हातानं खुणा करून म्हणाला, "उंट हलव आणि मला सोड."

त्र्याऐंशी संपत आल्या. तुम्ही कसे आहात ते आता मला ताईपेक्षा जास्त कळलंय. प्यादं शेवटच्या ओळीत पोचलं की सगळं जग वजीर मागतं, तुम्ही उंट मागता. कारण वजीर केला तर काळ्याला खेळायला चालच उरत नाही आणि डाव बरोबरीत सुटतो. पहिली चाल अशी की घरचे म्हणतील याला वेड लागलं: राजा आपल्याच प्याद्याला सोडून लांब निघतो. आणि गर्दी तुम्हाला खपत नाही. सहा मोहरे झाले की तुम्ही दार लावून घेता.

प्रश्न एकच. सहा मोहऱ्यांत एवढं कसं मावतं?

एल्गुजा


तिबिलिसी, ४ जानेवारी २०२४

प्रिय एल्गुजा,

नववर्षाच्या शुभेच्छा. सात तारखेच्या आपल्या ख्रिसमसला तुमच्याकडची अंड्याची करंजी पाठव. ताई करते, पण तिबिलिसीत ती तशी होत नाही. हे ताईला सांगू नकोस.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर: मावत नाही, कोंबावं लागतं.

तू स्पर्धेत नाहीस म्हणून तुला सांगायला हरकत नाही. एकतीस रचना आल्या. बहुतेक ठीक. सतरा नंबरची बघून मात्र मन भरून आलं. बावीस मोहरे! लग्नाला सगळी सोयरी बोलावलीत आणि नवरदेव सापडत नाही असा प्रकार. कुणी होतकरू, वयस्क, खेड्यातला माणूस असावा. मी कोण ते म्हणत नाही. असा माणूस समोर असता तर मी त्याला सांगितलं असतं, "बाबा रे, खचू नकोस. प्रयत्न केलास हेच खूप." त्याचं मन दुखू नये म्हणून अहवालात तिच्याविषयी एक चांगलं वाक्य घालणार आहे. वाक्य अजून सापडलेलं नाही.

आणि नऊ नंबर! एल्गुजा, चार दिवस ती माझ्या टेबलावरून हललेली नाही. सहा मोहरे. राजा स्वतःच्या प्याद्याला पाठ करून निघतो, पाचव्या चालीपर्यंत कळत नाही का, आणि शेवटी प्याद्याचा उंट. इतकी स्वच्छ रचना मी कित्येक वर्षांत बघितली नाही. हा नवशिका नव्हे, जुना मुरलेला कुणीतरी आहे. खारकीव्हचा असेल किंवा बाकूचा. याच्याशी माझं मन जुळतं. असा एक मेहुणा मला मिळाला असता तर!

झाउर


ओझुर्गेती, १३ जानेवारी

भाऊजी,

करंज्या पाठवल्यात. तिबिलिसीत होत नाहीत हे ताईला सांगितलं नाही. तिनं पत्र आधी वाचलं असेल तर मी जबाबदार नाही.

सतरा नंबरवाल्याबद्दल वाईट वाटलं. तुम्ही इतके मायाळू झालात हे वाचून आमच्या घरात काळजी पसरली. तब्येत ठीक आहे ना?

नऊ नंबरबद्दल आणखी लिहा की. सहज, आपलं शिकण्यासाठी. त्यातली तिसरी चाल, म्हणजे तिसरी चाल जी काही असेल ती, तुम्हाला जड नाही ना वाटली? आणि हा खारकीव्हचा माणूस तुमच्या मते दिसायला कसा असेल?

एल्गुजा


तिबिलिसी, ३ मार्च

गाढवा!

काल तात्पुरता निकाल लावला आणि म्झेविनारबाईंनी नावं उघडली. मी चष्मा पुसला. मग दुसरा चष्मा घातला. पहिलं बक्षीस, नऊ नंबर, ओझुर्गेती! तुझी ताई स्वयंपाकघरात नाचली, खालच्या मजल्यावरून तक्रार आली, तर तिनं तक्रारवालीलाच वर बोलावून नाचवलं.

मला इतके महिने झुलवलंस? "संबंध नाही" म्हणे! तुला काय शिक्षा करावी ते सुचत नाही, म्हणून सध्या अभिमान वाटतोय.

आणि सतरा नंबर कुणाची निघाली माहीत आहे? आमच्या रचनाकार मंडळाच्या अध्यक्षांची! मी अहवालात लिहून बसलोय, "उत्साहाची कमतरता नाही." त्यांनी कालपासून माझा फोन घेतलेला नाही.

आता नियमाप्रमाणे तीन महिने आक्षेपांसाठी. कुणी दुसरा मार्ग दाखवला किंवा ही रचना आधी कुणी केलेली आहे असं सिद्ध केलं, तर बक्षीस जातं. तुझी जाणार नाही. तीन जूनला मुदत संपते, चारला मी ओझुर्गेतीत. बोकड तयार ठेव.

झाउर


ओझुर्गेती, ९ मे

भाऊजी,

बोकड सोडून द्या, माळावर चरू दे.

रोज सकाळी पहिल्या पेशंटच्या आधी मी त्या संग्रहात नवीन काय आलं ते बघतो. सोमवारी बटुमीच्या कुणीतरी कुटाईसीच्या एका बंद पडलेल्या दैनिकातले जुने बुद्धिबळाचे रकाने टाकले. त्यात मार्च १९७४ च्या एका अंकात सहा मोहऱ्यांची एक रचना आहे. तीच माझी. राजा माझ्यापेक्षा एक घर डावीकडे उभा आहे, बाकी सगळं तेच. पाठ करून निघणारा राजा, तिसरी चाल, शेवटी उंट.

खाली नाव तुमचं आहे.

देवाशपथ, मी ती कधीच बघितली नव्हती. त्र्याऐंशींत ती नाहीच. पण विचार करतो तेव्हा नवल वाटत नाही. चार महिने मी रोज तुमच्यासारखा विचार करायला शिकलो, आणि शिकलो इतका चांगला, की तुमचीच राहून गेलेली रचना करून बसलो. तुम्हाला ती का आवडली तेही आता कळलं. तुम्ही स्वतःलाच पहिलं बक्षीस दिलंत, भाऊजी. ते तुमच्या स्वभावाला धरूनच झालं.

मुदतीला अजून पंचवीस दिवस आहेत आणि ते पान बहुतेक कुणी उघडलेलं नाही. तुम्ही मला थांबवाल किंवा थांबवणार नाही, दोन्हींची भीती वाटली. म्हणून माझ्याविरुद्धचा आक्षेप मी स्वतःच लिहून आधी म्झेविनारबाईंना पाठवला आणि आता हे पत्र लिहितोय.

दोन महिने आमच्याकडे कुणी मला "डॉक्टर" म्हणत नव्हतं, "विजेते" म्हणत होतं. वालिको तर फुकटात दाढ काढून घ्यायला तयार होता. असो.

एल्गुजा


तिबिलिसी, १९ मे

एल्गुजा बाळा,

तुझ्या भाऊजींनी जेवण सोडलेलं नाही, बोलणं सोडलंय. पहिले दोन दिवस मी त्याचा आनंद लुटला, आता भीती वाटते.

तुझा आक्षेप स्पर्धेच्या पानावर लागला तेव्हापासून यांना अभिनंदनाची पत्रं येताहेत. "पन्नास वर्षांपूर्वीची विसरलेली रचना आजही पहिली येते, वा!" अध्यक्षांनीसुद्धा फोन केला. एरवी हे अशा कौतुकावर आठवडाभर तरंगले असते. आता प्रत्येक पत्र वाचतात आणि उपडं ठेवतात. काल मी म्हटलं, "अहो, एवढी सुंदर रचना तुम्ही विसरलात तरी कशी?" तर म्हणाले, "विसरलो नव्हतो. पुरली होती." आणि बाल्कनीत जाऊन बसले.

तू केलंस ते बरोबर केलंस. मी रडले, ते कांद्यामुळे नव्हतं.

ताई


तिबिलिसी, २६ मे

प्रिय एल्गुजा,

ताईनं तुला लिहिलंय हे तिच्या गप्प राहण्यावरून कळलं.

१९७४ मध्ये मी पंचवीस वर्षांचा होतो आणि ती रचना माझी पहिली चांगली रचना होती. छापून आल्यावर आठव्या दिवशी झेस्ताफोनीहून पोस्टकार्ड आलं. एका वाचकानं दुसरा मार्ग दाखवला होता: राजाला हलवायच्या आधी हत्तीनं शह द्यायचा. चार ओळींचं कार्ड, खाली "आपला नम्र". मी ते एकदा वाचलं आणि पुन्हा पटाकडे बघायची हिंमत झाली नाही. यादीत ती कधी घातली नाही, कुणाला दाखवली नाही. लग्न झालं तेव्हा तुझ्या ताईलाही नाही. म्हणून नऊ नंबर बघून मला ती ओळखू आली नाही असं म्हणणार होतो, पण खरं असं की ओळखायचं नव्हतं.

आता ऐक. मेलेली रचना दुसऱ्याची वाट अडवत नाही, असा नियम आहे. राजा एक घर उजवीकडे नेलास म्हणून तो हत्तीचा शह निष्फळ ठरतो. म्हणजे माझी सदोष, तुझी निर्दोष. मी अहवालात तसं लिहिलंय: "परीक्षकाची १९७४ ची रचना चुकीची होती. एल्गुजा यांनी ती दुरुस्त केली." पटाखाली दोन्ही नावं येतील. जगजाहीर कबुली आहे, अध्यक्षांना आठवडाभर पुरेल. पण तुझं नाव छापून येईल. उद्या म्झेविनारबाईंना पाठवतो.

झाउर


ओझुर्गेती, ३० मे

भाऊजी,

पाठवलं असलंत तर परत मागवा. धाव घेऊन मागवा. म्झेविनारबाईंना मी फोन केलाय, त्या दोन दिवस थांबतील.

तुमचं पत्र वाचून मी तुमची जुनी मांडणी कोष्टकात घातली. राजा डावीकडच्या घरात, तुम्ही ठेवला होता तिथेच. सहा मोहरे म्हणजे तिथे वाद संपतो. मग झेस्ताफोनीवाल्याचा हत्तीचा शह दिला.

बरोबरी.

काळ्याचा घोडा कोपऱ्यात जातो, भाऊजी. पटाच्या अगदी कोपऱ्यात, जिथे घोडा नेऊ नये असं आपण लहान मुलांना शिकवतो. तिथून तो हलत नाही आणि पांढरा जिंकत नाही. मी कोष्टकाला बाकीच्या सगळ्या चालीही विचारल्या. दुसरा मार्ग नाही. कधीच नव्हता. वाचक चुकला होता आणि तुम्ही तपासून बघितलं नाही.

तुमची रचना पन्नास वर्षं जिवंत होती. तिला पुरून तुम्ही वर त्र्याऐंशी मजले बांधलेत.

तेव्हा दुरुस्ती वगैरे काही नाही, मी नुसता राजा एक घर सरकवला. रचना सगळी तुमची. अहवालात तसंच लिहा.

एल्गुजा


तिबिलिसी, ११ जून

एल्गुजा,

तुझं पत्र आल्यावर मी पट मांडला. कोष्टकावर माझा विश्वास नाही म्हणून सगळं हातानं तपासलं, सहा दिवस लागले. घोडा कोपऱ्यात जातो. हरामखोर, सरळ कोपऱ्यात जातो.

मग तुझ्या ताईला बोलावलं आणि पहिल्या चालीपासून तिला रचना दाखवली. तिला बुद्धिबळ येत नाही. तरी शेवटी उंट झाला तेव्हा म्हणाली, "अगंबाई."

त्या झेस्ताफोनीच्या माणसावर रागवायचा प्रयत्न केला, जमलं नाही. तो आता नसणारच. त्यानं चार ओळी लिहिल्या होत्या, घाबरलो मी होतो.

पहिलं बक्षीस रद्द झालं. आता माझ्या चौऱ्याऐंशी. बुद्धिबळ मासिकवाले ती रचना पुन्हा छापताहेत. मी त्यांना सांगितलंय, खाली टीप घाला: "निर्दोष असल्याचं एल्गुजा, ओझुर्गेती यांनी सिद्ध केलं." चालेल ना? नाव तर येईल.

झाउर


ओझुर्गेती, २३ जून

भाऊजी,

टीप नको. दुसऱ्याच्या हिरडीत माझं नाव बसवू नका, तसल्या कामाचे पैसे मी घेतो आणि ते किती दिवस टिकतं ते मला माहीत आहे.

अंगणात बसून विचार केला. तुमच्यासारखं करायला मी शिकलो, ते आता मला पूर्ण येतं, आणि नडतं तेच. आता मला अशी रचना करायचीय जी तुम्हाला अजिबात आवडणार नाही. गर्दी असेल, वजीर असतील, राजा घरातच बसून राहील. फिनलंडचा अग्निशामक म्हणतो शेवटापासून सुरू करा. मी सुरुवात तुमच्या कपाळावरच्या आठीपासून करणार आहे. ती दिसली की समजायचं, ही माझी.

वेळ लागेल. तोपर्यंत बोकड चरतोय.

एल्गुजा


तिबिलिसी, १५ नोव्हेंबर

एल्गुजा,

तुझी रचना मिळाली.

भयानक आहे. तेरा मोहरे! तीन प्यादी पळतात आणि तिन्हींचे वजीर, एका पाठोपाठ एक, जसे निवडणुकीच्या दिवसांत पुढारी. राजा पहिल्यापासून शेवटपर्यंत ढिम्म. मधे हत्ती फुकट देतोस, का, तर दोन चालींनी तो तिथे नसलेला बरा म्हणून! हे बुद्धिबळ आहे की तुमच्या ओझुर्गेतीतलं भांडण? ताईला दाखवली तर ती म्हणाली, "अय्या, हा तर अगदी आपला एल्गुजा."

तीन आठवडे मी ती मोडायचा प्रयत्न केला. आधी हातानं. मग लाज सोडून शेजारच्या मुलीकडून कॉम्प्युटर लावून घेतला आणि त्याच्यावर दोन रात्री सोडून दिली. दुसरा मार्ग नाही. मग ते तुमचं संग्रहाचं दुकान उघडलं आणि पहाटेपर्यंत शोधलं. अशी कुणी आधी केलेली नाही. करावी असं कुणाला वाटलंच नसणार.

कागदावर नाव घालायचं विसरलास. मी घातलं आणि मासिकाकडे पाठवून दिली. जानेवारीच्या अंकात, सोळाव्या पानावर, पटाखाली एकच नाव असेल.

झाउर